शिकवला तर गुण येतो : लघवी सुटण्याची तक्रार आणि ओटीपोटाच्या तळाचा व्यायाम

खोकला आला की लघवी सुटते, ही तक्रार बायका डॉक्टरांपुढे सहसा सगळ्यात शेवटी काढतात. कंबरदुखी, थकवा, पांढरे जाणे हे सगळे सांगून झाल्यावर, उठता उठता, आवाज खाली करून. अनेकींच्या तर ओठांवर ती येतच नाही. ‘दोन बाळंतपणं झाली, आता एवढं चालायचंच’ असे सासू सांगते, शेजारीण सांगते आणि हळूहळू ती बाई स्वतःलाही तेच सांगू लागते. मग घडी घातलेले जुने सुती कापड, गडद रंगाचे परकर, लग्नाला जाताना आदल्या रात्रीपासून पाणी कमी करणे, हसू आले तरी पाय आवळून घेणे अशा तजविजी करत वर्षे निघून जातात.

या तक्रारीवर एक साधा, बिनखर्चाचा उपाय गेली पाऊणशे वर्षे सांगितला जातो : ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचा व्यायाम. त्याने खरेच गुण येतो का? कोणाला येतो, कोणाला येत नाही? आणि सुरतेसारख्या शहरात, जिथे खानदेशातून आलेली लाखो मराठी माणसे राहतात, तो बायकांपर्यंत पोचवायचा कसा? या प्रश्नांचा हा आढावा.

उत्तर आधीच सांगते. हा व्यायाम लागू पडतो आणि त्याचा पुरावा भक्कम आहे. मात्र तो नीट शिकवावा लागतो, बरोबर होतो आहे ना हे कोणी तरी तपासावे लागते आणि किमान तीन महिने नेटाने करावा लागतो. या तीन अटी पाळल्या नाहीत की व्यायाम फुकट जातो आणि दोष बाईच्या माथी मारला जातो.

सुरतेतल्या घरांत

तापीकाठच्या रेल्वेमार्गाने जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार ही गावे सुरतेला जोडली आणि पिढ्यान्‌पिढ्या माणसे कामासाठी इकडे येत राहिली. लिंबायत, उधना, डिंडोली, गोडादरा, पांडेसरा या भागांत गल्लोगल्ली अहिराणी कानावर पडते. महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. पुरुष लूमवर, डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये, कापड मार्केटात. आणि बायका घरी बसून साडीला टिकल्या, स्टोन, लेस लावतात. हे काम नगावर पैसे मिळण्याचे असते. तासन्‌तास जमिनीवर मांडी घालून बसायचे, मध्येच उठून पाणी भरायचे, साड्यांचे गठ्ठे उचलून जिन्याने चढवायचे-उतरवायचे. भाड्याच्या खोल्यांत अनेक ठिकाणी संडास सामायिक. म्हणून पाणी कमी प्यायचे आणि लघवी धरून ठेवायची, ही सवय लहानपणापासूनच लागते.

लघवी सुटण्याची शक्यता ज्या गोष्टींनी वाढते त्या यादीत योनीमार्गे झालेली बाळंतपणे, वाढते वय, लठ्ठपणा, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता आणि मधुमेह येतात. सतत जड उचलण्याचा ताणही त्या स्नायूंवर पडतो. यातल्या दोन-तीन गोष्टी एकाच घरात, एकाच बाईच्या वाट्याला येणे अजिबात दुर्मीळ नाही.

भारतात हा त्रास किती आहे? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर भारतातील एका रुग्णालयीन पाहणीत ३,००० स्त्रियांना विचारले, तेव्हा २१.८ टक्के जणींनी हा त्रास असल्याचे सांगितले. त्यांतल्या जवळजवळ तीन चतुर्थांश बायकांना खोकला, शिंक, वजन उचलणे अशा दाबाने लघवी सुटत होती. नॉर्वेत १५,३०७ स्त्रियांच्या अभ्यासात, जो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, एकही मूल नसलेल्यांत हे प्रमाण १०.१ टक्के, फक्त सिझेरियन झालेल्यांत १५.९ टक्के आणि योनीमार्गे बाळंत झालेल्यांत २१ टक्के निघाले. सिझेरियनने धोका कमी होतो, पण पूर्ण टळत नाही. आणि मूल न झालेल्या दहातल्या एकीलाही तो होतोच.

ही तक्रार दबून का राहते, हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवले आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तो अभ्यास लघवी सुटण्यावर नव्हता. पण बाई बोलत नाही याचा अर्थ तिला त्रास नाही असा घेऊ नये, हा त्याचा धडा इथे जसाच्या तसा लागू पडतो. विचारल्याशिवाय हे दुखणे बाहेर येत नाही.

लघवी सुटते, पण कशामुळे?

व्यायामाबद्दल बोलण्याआधी तक्रारीचे प्रकार वेगळे करावे लागतात, कारण उपाय प्रकारावर ठरतो.

पहिला प्रकार दाबाचा. खोकणे, शिंकणे, हसणे, उडी मारणे, पाण्याचा हंडा उचलणे, अशा क्षणी पोटातला दाब वाढतो आणि मूत्रमार्ग पुरेसा बंद राहत नाही. दुसरा प्रकार घाईचा. अचानक इतक्या जोराची लघवी लागते की संडासाच्या दारापर्यंत पोचण्याआधीच सुटते. यात मूत्राशयाचा स्नायू अवेळी आकुंचन पावत असतो. तिसरा मिश्र, म्हणजे दोन्ही एकत्र. बहुसंख्य स्त्रिया या तिघांतल्या कोणत्या तरी एका प्रकारात बसतात.

याखेरीज काही प्रकार असे आहेत की त्यांवर व्यायाम सांगणे म्हणजे वेळ दवडणे. मूत्राशय कधीच पूर्ण रिकामे न होता भरून वाहत असेल, मज्जारज्जूचा आजार असेल, किंवा अवघड बाळंतपणानंतर मूत्राशय आणि योनी यांच्यात छिद्र पडून लघवी रात्रंदिवस गळत असेल, तर डॉक्टरांची तपासणी हाच पहिला उपाय. लघवीतून रक्त जाणे, जळजळ आणि ताप, पाय बधिर होणे, लघवी अडकणे ही लक्षणे असतील तरीही तेच. साध्या लघवीच्या तपासणीत जंतुसंसर्ग किंवा साखर सापडली, तर आधी त्यावर उपचार करायचे.

हा तळ काम कसा करतो

पुढे जांघेचे हाड, मागे माकडहाड, आणि या दोहोंच्या मध्ये बाळाच्या झोळीसारखी ताणलेली स्नायूंची चादर, असा हा ओटीपोटाचा तळ. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर विसावलेले असतात. मूत्रमार्ग, योनी आणि गुदद्वार तिच्यातून बाहेर येतात. निरोगी शरीरात खोकला येण्याच्या निमिषभर आधी हे स्नायू आपोआप आवळले जातात, मूत्रमार्ग वर उचलला जातो आणि दाबला जातो. बाळंतपणात हे स्नायू आणि त्यांच्या नसा खूप ताणल्या जातात, कधी फाटतातही. मग तो आवळण्याचा क्षण चुकतो, किंवा जोर अपुरा पडतो.

व्यायामाने दोन गोष्टी साधतात. एक, स्नायू जाड आणि बळकट होतात. दुसरी, जाणूनबुजून वेळेवर आवळण्याची सवय लागते. या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासाने सुंदर दाखवले. सौम्य त्रास असलेल्या २७ वयस्क स्त्रियांना खोकण्याआधी तळ आवळायला शिकवले. आठवडाभरातच मध्यम खोकल्यावेळची गळती सरासरी ९८ टक्क्यांनी आणि जोरदार खोकल्यावेळची ७३ टक्क्यांनी कमी झाली. आठवड्यात स्नायू काही बळकट होत नाहीत. फक्त वेळ साधता आली होती.

केगल आणि त्यांच्या आधी

या व्यायामाला जगभर ‘केगल’ म्हणतात ते अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांच्या नावावरून. त्यांचा गाजलेला लेख १९४८ चा. आकुंचनाचा जोर मोजण्यासाठी त्यांनी ‘पेरिनिओमीटर’ हे उपकरणही तयार केले, कारण बाईला आपण काय करतो आहोत ते कळले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. ब्रिटनमध्ये मार्गारेट मॉरिस यांनी १९३० च्या दशकातच बाळंतिणींसाठी असे व्यायाम मांडले होते. आपल्याकडे हठयोगातला मूलबंध आणि अश्विनी मुद्रा यांतही याच भागाचे आकुंचन आहे. उद्देश मात्र वेगळा होता.

केगल यांच्यानंतर एक दुर्दैवी गोष्ट घडली. व्यायाम पसरला, पण शिकवण्याचा आणि तपासण्याचा आग्रह मागे राहिला. दवाखान्यात ‘केगल करा’ एवढे सांगून पुढचा पेशंट बोलावण्याची पद्धत पडली. तिचा परिणाम पुढे येईलच.

पुरावा काय सांगतो

आरोग्यविषयक चाचण्या गोळा करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा २०१८ चा आढावा या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा. त्यात १४ देशांतल्या ३१ चाचण्या आणि १,८१७ स्त्रिया होत्या. दाबाने लघवी सुटणाऱ्यांपैकी व्यायाम केलेल्या १०० जणींमधल्या ५६ जणींनी आपण बरे झालो असे सांगितले. व्यायाम न केलेल्यांत हा आकडा होता ६. बरे किंवा सुधारणा दोन्ही धरले, तर ७४ विरुद्ध ११. सगळे प्रकार एकत्र घेतले, तर बरे झालेल्या ३५ विरुद्ध ६.

हे आकडे उत्साह वाढवणारे आहेत, पण डोळसपणे वाचायला हवेत. ‘५६ विरुद्ध ६’ हा निष्कर्ष चार छोट्या चाचण्यांतल्या १६५ स्त्रियांवर उभा आहे. आणि त्या चाचण्यांतला व्यायाम म्हणजे कागदावर छापलेली सूचना नव्हे. त्यात शिकवणारे होते, आठवड्याच्या भेटी होत्या. नॉर्वेच्या कारी बो आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ‘बीएमजे’त प्रसिद्ध केलेली चाचणी याचे चांगले उदाहरण आहे. १०७ स्त्रियांची चार गटांत विभागणी केली : व्यायाम, विजेचे उत्तेजन, योनीत ठेवायचे वजनी शंकू, आणि काहीच नाही. व्यायामाचा गट सगळ्यांत पुढे राहिला. पण त्या गटाने सहा महिने रोज तीनदा ८ ते १२ जोरकस आकुंचने केली होती, आणि शिवाय आठवड्याला सामूहिक वर्गही होता.

घाईच्या प्रकारात तळ बळकट करण्याबरोबर घाई परतवायला शिकवावे लागते : धावू नये, जागीच थांबून तळ काही वेळा पटापट आवळावा, लाट ओसरली की शांतपणे संडासाकडे जावे. १९९८ मध्ये ‘जामा’त आलेल्या अमेरिकन चाचणीत १९७ वयस्क स्त्रियांपैकी ज्यांना हे शिकवले, त्यांची गळती सरासरी ८०.७ टक्क्यांनी कमी झाली. ऑक्सिब्युटिनिन हे औषध घेणाऱ्यांत ६८.५ टक्के आणि नकली गोळी घेणाऱ्यांत ३९.४ टक्के. म्हणजे औषध लिहून देण्यापूर्वी शिकवण्यात वेळ घालवणे शास्त्राला धरून आहे. औषधाने तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठता होते. व्यायामाला असा त्रास नाही.

गरोदरपण : सगळ्यात मोठी संधी

बाळंतपणाच्या संदर्भात पुरावा थोडा गुंतागुंतीचा आहे आणि म्हणूनच महत्त्वाचा. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात २१ देशांतल्या ४६ चाचण्या आणि १०,८३२ स्त्रिया होत्या. ज्यांना अजून त्रास नव्हता अशा गरोदर स्त्रियांनी लवकर व्यायाम सुरू केला, तर गरोदरपणाच्या शेवटी लघवी सुटण्याचा धोका ६२ टक्क्यांनी आणि बाळंतपणानंतर तीन ते सहा महिन्यांत २९ टक्क्यांनी कमी राहिला. उलट बाळंतपणानंतर त्रास सुरू झालेल्यांत व्यायामाचा फायदा इतका स्पष्ट दिसला नाही.

दीर्घकाळचे चित्र आणखी सावध करणारे आहे. ब्रिटन आणि न्यूझीलंडमधल्या ७४७ स्त्रियांना, ज्यांना बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी त्रास होता, परिचारिकांनी घरी जाऊन व्यायाम शिकवला. वर्षाच्या शेवटी शिकवलेल्यांत ६० टक्के आणि इतरांत ६९ टक्के जणींना त्रास उरला होता. फायदा होता. पण बारा वर्षांनी त्याच स्त्रियांना विचारले तेव्हा ८३ आणि ८० टक्के. फरक पुसून गेला होता. व्यायाम सोडला की स्नायू पूर्वपदावर येतात. सुधारणा टिकवायची तर रोज थोडा तरी व्यायाम चालू ठेवावा लागतो.

आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती, शेक, पोट बांधणे आणि डिंकाचे लाडू मिळतात. यात माया आहे, आणि विश्रांतीची गरज खरीच आहे. पण पोट घट्ट बांधल्याने ओटीपोटाचा तळ बळकट होत नाही. साध्या बाळंतपणानंतर दुखणे परवानगी देईल तसे, पडल्यापडल्या हळुवार आकुंचने पहिल्या काही दिवसांतच सुरू करता येतात. टाके किंवा गुंतागुंत असेल तर डॉक्टरांना विचारून.

प्रोस्टेटनंतर पुरुष

ही तक्रार फक्त बायकांची नाही. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर अनेक पुरुषांची लघवी काही महिने गळते, आणि त्यांनाही हाच व्यायाम सांगितला जातो. पण २०११ च्या ब्रिटिश ‘मॅप्स’ चाचणीत वर्षभराने, ज्यांना थेरपिस्टने समोरासमोर शिकवले आणि ज्यांना नेहमीची देखभाल मिळाली, त्यांच्यात फरक जवळजवळ नव्हता : पूर्ण प्रोस्टेट काढलेल्यांत ७६ आणि ७७ टक्के, आतून खरवडून काढलेल्यांत ६५ आणि ६२ टक्के जणांना त्रास होता. पुरुषांनी व्यायाम करायला हरकत नाही, पण स्त्रियांसारखा भरवसा त्यांना देता येत नाही.

यंत्रे, ॲप, योगासने

आकुंचन पडद्यावर दाखवणारे ‘बायोफीडबॅक’ यंत्र महागड्या क्लिनिकांत मिळते. ६०० स्त्रियांच्या ‘ओपल’ चाचणीने, जी २०२० मध्ये ‘बीएमजे’त आली, दाखवले की दोन वर्षांनी यंत्रासह शिकलेल्या आणि यंत्राशिवाय शिकलेल्या स्त्रियांत फरक नव्हता. चांगला शिक्षक असेल तर यंत्र नसले तरी चालते. स्वीडनमध्ये मोबाईल ॲपवरून शिकवण्याच्या चाचणीतही सुधारणा दिसली, पण त्यासाठी आधी तक्रारीचे निदान आणि स्वतःच नेटाने करण्याची शिस्त लागते.

योगाबद्दलचा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत ४५ वर्षांवरच्या २४० स्त्रियांना बारा आठवडे एक तर ओटीपोटाला धरून आखलेली योगासने शिकवली किंवा ताणाचे आणि बळकटीचे साधे व्यायाम. सुरुवातीला दिवसाला सरासरी ३.४ वेळा लघवी सुटत होती. ती योगाने २.३ वेळांनी आणि साध्या व्यायामाने १.९ वेळांनी कमी झाली. दोन्ही गटांत फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता. योगाचा वर्ग लावणाऱ्या बाईने तो जरूर चालू ठेवावा. तळाचा नेमका व्यायाम मात्र त्यासोबत शिकून घ्यावा.

वजनाचाही परिणाम मोठा आहे. २००९ च्या एका चाचणीत वजन जास्त असलेल्या ३३८ स्त्रियांपैकी ज्यांनी सरासरी ८ टक्के वजन घटवले, त्यांची आठवड्याची गळती ४७ टक्क्यांनी उतरली. केवळ माहिती मिळालेल्यांची २८ टक्क्यांनी.

शस्त्रक्रियेशी तुलना

शस्त्रक्रिया अधिक परिणामकारक आहे, हे मान्य करायला हवे. नेदरलँड्समधल्या २०१३ च्या चाचणीत दाबाचा मध्यम ते तीव्र त्रास असलेल्या ४६० स्त्रिया होत्या. वर्षभराने मूत्रमार्गाखाली पट्टी बसवलेल्यांत ९०.८ टक्क्यांनी सुधारणा सांगितली, व्यायाम शिकवलेल्यांत ६४.४ टक्क्यांनी. व्यायामाच्या गटातल्या जवळजवळ निम्म्या जणी नंतर शस्त्रक्रियेकडे वळल्या.

म्हणजे व्यायाम व्यर्थ का? मुळीच नाही. मध्यम ते तीव्र त्रासातही निम्म्या जणी शस्त्रक्रियेशिवाय राहिल्या. शस्त्रक्रियेत रक्तस्राव, मूत्राशयाला इजा, पट्टीमुळे होणारे दुखणे हे धोके असतात. अशा जाळीच्या पट्ट्यांच्या वापरावर इंग्लंडने २०१८ मध्ये तात्पुरती स्थगिती आणली होती. शिवाय सौम्य त्रासासाठी शस्त्रक्रिया सुचवणे हा उलटा क्रम झाला. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची शिफारस स्पष्ट आहे : आधी किमान तीन महिने देखरेखीखाली व्यायाम, मग गरज उरली तर पुढचे.

इथे आणखी एक इशारा द्यायला हवा. आपल्या समाजात अनेक तक्रारींवर ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला फार सहज दिला जातो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या शस्त्रक्रियांनी २०१९ मध्ये हे भयंकर वास्तव उजेडात आणले. गर्भाशय काढल्याने लघवी सुटणे थांबत नाही. उलट स्वीडनमधल्या २००७ च्या मोठ्या अभ्यासात, गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना पुढे लघवी सुटण्यावरची शस्त्रक्रिया करावी लागण्याचा धोका दुपटीहून अधिक दिसला.

व्यायाम का फसतो

१९९१ मध्ये ४७ स्त्रियांना तोंडी सूचना देऊन आकुंचन करायला सांगितले आणि यंत्राने मोजले. फक्त ४९ टक्के जणींना ते योग्य जमले. २५ टक्के जणी तर वर उचलण्याऐवजी खाली जोर देत होत्या, ज्याने त्रास वाढू शकतो. ‘मी केगल करून पाहिले, काही फरक पडला नाही’ म्हणणाऱ्या बाईला आळशी ठरवण्याआधी हा आकडा आठवावा. तिला कोणी शिकवलेच नसण्याची शक्यता मोठी आहे.

बरोबर पद्धत अशी. गुदद्वारातून वारा सुटू नये म्हणून आपण आवळतो, तसेच लघवीची जागाही आवळून आत आणि वर ओढायची. पोट, मांड्या, कुल्ले सैल राहिले पाहिजेत आणि श्वास चालू राहिला पाहिजे. आधी दोन-तीन सेकंद, मग वाढवत सहा ते आठ सेकंद धरायचे आणि तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचे. सोडणेही व्यायामाचाच भाग आहे. एका वेळी आठ ते बारा आकुंचने आणि शेवटी काही पटापट. असे दिवसातून तीन वेळा. सुरुवात आडवे पडून, मग बसून, मग उभ्याने. लघवी करताना मध्येच धार रोखण्याचा सराव करू नये. ती एखाद्या वेळी ओळख पटवण्यापुरती ठीक, रोजची सवय मूत्राशयाला बरी नाही. आणि खोकला, शिंक किंवा गठ्ठा उचलण्याआधी एकदा तळ आवळायचा. आवळताना दुखत असेल, किंवा हा भाग सतत ताठलेलाच असेल, तर व्यायाम थांबवून तज्ज्ञांकडे जावे. अशा वेळी आधी सैल सोडायला शिकवावे लागते.

फरक दिसायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. पहिल्या पंधरवड्यात सोडून देणाऱ्या बायकांना ही मुदत आधीच सांगितली असती, तर त्यांतल्या कितीतरी टिकल्या असत्या.

सुरतेला काय करता येईल

‘प्रत्येकीला फिजिओथेरपिस्ट कुठून आणणार?’ असा प्रश्न येणारच. त्याचे उत्तर कॅनडाने २०२० मध्ये दिले. ६० वर्षांवरच्या ३६२ स्त्रियांपैकी निम्म्यांना एकेकटे शिकवले, निम्म्यांना आठ-आठच्या गटात. गटातल्या प्रत्येकीला सुरुवातीला एकदा स्वतंत्रपणे आकुंचन शिकवले होते, मग बारा आठवडे एकत्र वर्ग. वर्षभराने गळती एकट्या शिकलेल्यांत ७० टक्के आणि गटात शिकलेल्यांत ७४ टक्क्यांनी कमी झाली. गटाने काहीच कमी पडले नाही.

आठ बायका, एक शिकवणारी, एक खोली, आठवड्याला एक तास. लिंबायत-उधन्यात याला लागणारे बहुतेक सगळे आहे. महापालिकेची आरोग्य केंद्रे आहेत, उमरवाड्यात महापालिकेचे ‘स्मीमेर’ रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे, नवीन सिव्हिल हॉस्पिटल आहे, शहरात फिजिओथेरपीची महाविद्यालये आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर स्त्रियांची तपासणी होते. गुजरातेत माता-बालकांच्या आरोग्यासाठी ममता दिवस भरतो. रुग्णालयात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशा कार्यकर्ती ४२ दिवसांत सहा वेळा जाते. त्रास टाळण्याबाबत पुरावा जिथे सगळ्यात भक्कम आहे त्या गरोदरपणातच बाई यंत्रणेच्या समोर उभी असते. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन पाहून झाल्यावर पाच मिनिटे तिला हा व्यायाम शिकवायचा, तो नीट जमतो का हे पुढच्या भेटीत पाहायचे आणि ज्यांना त्रास आहे त्यांचा गट बांधायचा, एवढेच करायचे आहे.

शिकवणे अहिराणी आणि मराठीतून झाले, तर जवळ बसून लाजत लाजत ऐकणारी बाई प्रश्नही विचारेल. शिकवणारी वस्तीतलीच असेल तर आणखी चांगले. भजनी मंडळात, भिशीत, हळदीकुंकवाला एकत्र येणाऱ्या बायकांना गट बांधण्याची सवय नव्याने लावावी लागत नाही.

एक अट मात्र वस्तीने आणि पालिकेने मिळून पाळावी लागेल. स्वच्छ, उजेडाचा, रात्रीही जाता येईल असा संडास जवळ नसेल, तर पाणी न पिणे आणि लघवी धरणे चालूच राहील. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ चळवळीने हा मुद्दा लावून धरला आहे. १९९४ च्या प्लेगनंतर सुरतेने सफाईचे काम नेटाने करून देशाला उदाहरण घालून दिले होते. ज्या शहराने तेव्हा गटारे आणि कचरा गांभीर्याने घेतला, त्याने बायकांचे संडास आणि बायकांचे हे दुखणे तितक्याच गांभीर्याने घ्यावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

पुरावा पुरेसा झाला आहे. कमी आहे ती विचारणारी आणि शिकवणारी माणसे. तेव्हा मागणी साधी आहे : येत्या ९ तारखेला तपासणीला आलेल्या प्रत्येक बाईला आणि तिच्यासोबत आलेल्या सासूलाही डॉक्टर, नर्स किंवा आशाताईंनी स्वतःहून विचारावे, ‘खोकताना लघवी सुटते का?’ उत्तर हो आले तर ‘चालायचंच’ म्हणू नये. तिला व्यायाम शिकवावा, तीन महिन्यांनी परत बोलवावे, आणि गुण आला नसेल तर पुढच्या उपचाराला पाठवावे. हा तिचा हक्क आहे.